मामांचा अंगठा

देशाच्या फुटबॉल संघाची यादी तासाभरात लागायची होती, आणि अडतिशीच्या कप्तानाचं नाव एका गुडघ्यापाशी अडलं होतं. नवे प्रशिक्षक मालिशच्या खोलीत आले, तेव्हा कप्तान तिथेच बाकावर आडवा पडला होता.

"मामा, एक्सरेपेक्षा माझा तुमच्या अंगठ्यावर विश्वास. दुखरा गुडघा दाबा. हा कळवळला नाही, तर नाव पक्कं."

याच पायांना तेल चोळता चोळता मालिशवाल्या मामांचे केस पिकले होते. त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा रोवला.

कप्तान खुदकन हसला. "अहो मामा, गुदगुल्या होतात!"

"बघा साहेब, गडी अजून घोड्यासारखा आहे," मामा म्हणाले. मान मात्र त्यांनी वर केली नाही.

प्रशिक्षकांनी खिशातून पेन काढलं, यादी मांडीवर घेतली. तोच कप्तान उठून बसला. लेकराचा धरावा तसा त्याने मामांचा तेलकट हात धरला आणि अलगद दुसऱ्या गुडघ्यावर नेऊन ठेवला.

"वीस वर्षांत दुखरी जागा एकदाही चुकला नाहीत, मामा. मग आजच कसे चुकलात?"