आप्पांचं परमिट

नाटक सुटलं, तरी आप्पा मनानं अजून थिएटरातच होते. हैदराबादेत आबिड्सच्या हॉटेलात टेबलाशी बसल्यावरही त्यांचं चालूच. दुसऱ्या अंकात ती म्हातारी काय रडली, काय तिचा आवाज, पार शेवटच्या रांगेपर्यंत! पंधरा वर्षांनी मराठी नाटक बघायला मिळालं होतं, आणि तेही मुलानं आपणहून नेलं म्हणून. काचीगुड्यात सकाळीच चार घरी सांगून झालं होतं, आमचा हर्षवर्धन आज साहेबांबरोबर मलाही नेतोय. ठेवणीतली शेरवानी अंगावर चढली होती.

हर्षवर्धनचं नाटकात लक्ष कसलं असायला? मुंबईचे साहेब उद्या सकाळच्या विमानानं परत जायचे होते. टीव्हीची परदेशी कंपनी हैदराबादेत शाखा उघडत होती आणि मॅनेजर कोण, ते साहेब ठरवणार होते. साहेबांना जेवणाआधी दोन पेग लागत. आणि इथं तेव्हा कडकडीत दारूबंदी. प्यायची तर डॉक्टरच्या दाखल्यावर काढलेलं परमिट हवं. तरण्या माणसाला तसला दाखला कोण देणार? शिवाय ज्याच्या नावाचं परमिट, तो माणूस टेबलाशी हजर हवा.

वेटर रजिस्टर घेऊन आला. "परमिटवाले साब की दस्तखत होना."

साहेबांनी हर्षवर्धनकडे बघितलं. हर्षवर्धननं मेनूकार्डात डोकं खुपसलं. मग वेटरनंच, हर्षवर्धननं आधी देऊन ठेवलेल्या परमिटावरचं नाव वाचलं, प्रतापराव, आणि रजिस्टर आप्पांपुढे ठेवलं.

आप्पांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी हर्षवर्धननं एका इंग्रजी कागदावर त्यांची सही घेतली होती, एक फोटोही मागून घेतला होता, पेन्शनचं काम आहे म्हणून. निजामाच्या शाळेत उर्दूत शिकलेला माणूस, इंग्रजी कागद आला की मुलगा दाखवील तिथं सही करायचा. आप्पा परमिटावरच्या आपल्या फोटोकडे बघत राहिले. मग मुलाकडे बघितलं. आपल्याला आज नाटकाला का आणलं, ते त्यांना कळलं होतं.

हर्षवर्धनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठा आप्पा, घरी जाऊ, असं म्हणावं असं त्याला खरंच वाटलं. पण साहेब समोर बसले होते.

छुपे रुस्तम निघालात की प्रतापराव, म्हणून साहेब हसले.

आप्पांनी पेन घेतलं, उर्दूत सावकाश सही केली. "डॉक्टरांनी सांगितलंय साहेब," ते म्हणाले. "झोपेपुरती थोडी घ्यावी लागते."

ग्लास आले. साहेबांनी मानानं पहिला आप्पांपुढे सरकवला. नको म्हणावं तर मुलगा खोटा पडतो. आप्पांनी डोळे मिटले आणि काढा घ्यावा तसा तो घशाखाली लोटला. जोराचा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. पाणी साहेबांनीच पुढे केलं. हर्षवर्धनला हात उचलायचीही लाज वाटली.

मग साहेब रंगात आले. जेवण संपता संपता म्हणाले, शाखा तुम्हीच सांभाळायची. हर्षवर्धननं हसून आभार मानले. ताट मात्र बाजूला सारलं.

साहेब हात धुवायला गेले. आता आप्पा बोलतील, चारचौघांत कानाखाली वाजवतील, असं हर्षवर्धनला वाटलं. वाजवली असती तर बरं झालं असतं. पण आप्पा मान खाली घालून दहीभात कालवत होते.

"आप्पा, मी..."

"जेव आधी," आप्पा म्हणाले. आवाजात राग नावाला नव्हता. "आणि पुढच्या खेपेला तिकीट नको काढू रे हर्षा. नुसती सही पाहिजे म्हणालास, तरी येईन मी."