लेकीचा पेरू

शरयूताईंनी डोळे बारीक करून फांदीवर बांधलेल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये पुन्हा पाहिलं. ओल्या शेवाळाखेरीज आत काहीच दिसत नव्हतं. मुळं फुटावीत म्हणून फांदीला गुटी बांधून चाळीस दिवस झाले होते, आणि रस्ता रुंद करणारा जेसीबी ठरल्यापेक्षा आठवडाभर आधीच कुंपणाशी येऊन उभा राहिला होता.

"काकू, बाजूला व्हा. झाड पाडायचंय," चालक म्हणाला.

"माझ्या लेकीने लावलेला पेरू आहे हा. ती आता नाही," त्या कशाबशा बोलल्या. "या फांदीला मुळं फुटली, की कापून कुंडीत लावीन. आत्ता कापली तर वाळून जाईल रे."

त्याने खाली उतरून प्लास्टिकला हलकेच बोट लावलं. "पलीकडची भिंत आधी घेतो. पण शुक्रवारपर्यंतच हं."

चार दिवस शरयूताईंना धड जेवण गेलं नाही. भिंत ढासळल्याचा आवाज आला, की त्या झाडाकडे धावत.

शुक्रवारी सकाळी शेवाळातून केसाएवढं पांढरं मूळ डोकावलं. शेजारीच आणखी एक होतं. त्यांनी गुटीच्या खालून फांदी कापली.

"पाड आता," त्या चालकाला म्हणाल्या, आणि झाडाकडे पाठ करून कुंडीत माती भरू लागल्या.