दोन घागरी पाणी

"पुढचं वाच, माय," मारोती म्हणाला.

सरजाबाईनं फोन डोळ्यांपासून लांब धरला. फिल्मखाली लोकांनी लिहिलेल्या अक्षरांखाली बोट ठेवून ती वाचू लागली, "मं-गळ-सूत्र... कुठं... काढून ठेवलंस... बाई?"

"ऐकलंस?" मारोतीनं बायकोकडं बघितलं. "मायला वाचायला तूच शिकवलंस न्हवं? आता ऐक तिच्याच तोंडानं."

पुनम चुलीपाशी बसली होती. गावात निरक्षर बायांचा वर्ग ती चालवायची. त्या वर्गात सगळ्यांत आधी सासूनं स्वतःचं नाव लिहिलं होतं.

सरजाबाईचं बोट पुढच्या ओळीवर जरा थांबलं. ती ओळ न वाचताच बोट खाली सरकलं.

"नि-र्लज्ज... मेली."

"बास," पुनम म्हणाली.

फिल्म अकरा मिनिटांची होती. दिवाळीनंतर लातूरच्या कॉलेजातली रुखसार दोन दिवसांसाठी त्यांचं अंगण मागायला आली होती. प्राकृतातल्या एका जुन्या गाथेवरून तिला फिल्म करायची होती. नवरा प्रवासाला गेलेला. बायको रोज दिवेलागणीला दोन घागरी पाणी तापवते, एक स्वतःसाठी, एक त्याच्यासाठी. तो येत नाही. मग त्याच्या वाटणीचं पाणीही ती स्वतःच्याच खांद्यावरून ओतते. हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. बाईचं तोंड कुठंच दिसत नाही. दिव्याच्या उजेडात नुसती ओली पाठ, मोकळे केस आणि उघडी मान.

चाळीस हजार लोकांनी ती बघितली. कुणी वा वा केली, कुणी घाण लिहिली. निलंग्याच्या एकानं अंगणातली कोर फुटलेली, पाण्याची दगडी डोणी ओळखली. नटी कोण, असं कुणीतरी विचारलं, तर रुखसारनं मोठ्या कौतुकानं उत्तर लिहिलं, "नटी नाही. गावातलीच बाई आहे. नाव सांगणार नाही, शब्द दिलाय."

तेवढ्यावर गावानं निकाल लावला. ज्या घरात फिल्म झाली, त्या घरातली तरणी सून, नवरा दोन वर्षं पुण्याच्या कंपनीत. आणखी काय बघायचं?

"ते दोन दिवस मी नांदेडला माहेरी होते," पुनम म्हणाली. "बापूचं ऑपरेशन होतं. किती डाव सांगू?"

"माहेरचे काय, हावच म्हनतील."

"आन् तुमाला बायकोची पाठ वळखू येत न्हाई?"

मारोती मग हळूच म्हणाला, "दोन वर्षांत किती दिवस घरी होतो मी?"

पुनमनं गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं. "लगीन झाल्यापासून ह्यातला एक मणी हलला न्हाई. आत्या, तुमी तरी सांगा."

"म्या काढताना बघितलं न्हाई," सरजाबाई म्हणाली.

"म्हंजे काढलंच न्हाई, असं न्हाई," मारोती म्हणाला.

"रुखसारला फोन लावा," पुनम म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

त्यानं फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडं रुखसार घाबरल्यासारखी वाटली. "कसम से भैया, भाभी नव्हती त्यात."

"मग कोन होतं?"

"ते मी नाही सांगू शकत."

"झालं!"

"भैया, खाला होत्या ना घरी. त्यांना विचारा."

दोघांनी सरजाबाईकडं बघितलं. सरजाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, गळ्याभोवती घट्ट घेतला.

"मी रानात होते," ती म्हणाली. "तूर राखायला. मला ठाव न्हाई."

पलीकडून मग रुखसार नुसतं "खाला..." एवढंच म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुनम उठली. ती रडली नाही. दोन पातळं, एक दप्तर आणि खडूची पेटी तिनं पिशवीत भरली. खडूची पेटी थोड्या वेळानं पुन्हा बाहेर काढून कोनाड्यात ठेवली.

"साडेतीनची नांदेड गाडी हाय," मारोती म्हणाला. "लोकांची तोंडं बंद झाली की बघू."

"लोकांची तोंडं कधी बंद व्हतेत का?"

ती सासूच्या पाया पडली. सरजाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हात लवकर उचलला गेला नाही.

"आत्या, रोज एक पान वाचत जा," पुनम म्हणाली. "जोडाक्षरं आली की थांबता तुमी. थांबू नका. आन् लिहिताना चुकलं तर भ्यायचं न्हाई. शेवटून एकेक अक्षर पुसत यायचं."

"हाव, बाई."

पिशवी घेऊन दोघं फाट्याकडं गेली. गाडीचा आवाज आला, मग तोही गेला. शेजारची शिवकांता दारातून डोकावली. "गेली का? बरं झालं, सरजाबाई. घराची अब्रू वाचली." सरजाबाईनं मान हलवली आणि कडी लावली.

ती डोणीच्या कडेला बसली. मारोतीचा जुना फोन तिच्याकडंच असायचा. तिनं फिल्म काढली, पण बघितली नाही. खालच्या ओळी सरकवत ती मघाशी टाळलेल्या ओळीपर्यंत आली. कुठल्याशा माणसानं लिहिलं होतं, "या पाठीला वाट बघणं माहीत आहे." ती ओळ तिनं कुठंही न अडखळता वाचली. पुन्हा वाचली.

मग ओळी सरकवत ती पुन्हा वर आली. मंगळसूत्र कुठं काढून ठेवलंस, असं विचारणाऱ्या बाईच्या नावाखाली तिनं बोट टेकवलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "काढलं न्हाई. मालक गेले तवाच बायांनी तोडलं. मारोती तीन वर्साचा व्हता."

तिनं ते एकदा वाचलं. जोडाक्षरांवर थांबली नाही. मग पुनमनं शिकवलं होतं तसं, शेवटून एकेक अक्षर पुसत आली.