दिव्यामागची भिंत

"कुठे बसवू, वहिनी? एकदा भोक पाडलं की पाडलं," शेखर म्हणाला. एसी बसवणाऱ्या त्या माणसाच्या एका हातात ड्रिल होतं, दुसऱ्यात एसीचं तापमान ठरवणारी थर्मोस्टॅटची पांढरी डबी.

सईने रुद्रला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पाच महिन्यांचं लेकरू, आठवडाभर खोकत होतं. छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर.

"त्यात विचारायचं काय?" तिचा नवरा आल्हाद म्हणाला. "बेडरूममध्ये, माझ्या उशाशी. अठरावर लावायचा आणि विसरायचं. रिमोटसारखा कोणी पळवणार नाही."

रिमोट कोणी पळवला नव्हता. परवा सईने अठराचे सव्वीस केले, बाळासाठी. आल्हादने तो हिसकावून भिंतीवर फोडला आणि त्यातला एक सेल पाळण्यात, रुद्रच्या कानाशी जाऊन पडला. म्हणून आता हे भिंतीतलं, फेकता न येणारं. सईला तेवढ्यानेही हायसं वाटलं होतं. पण बटण दाबायला हात तिचाच जाणार होता, आणि त्या हाताचं मनगट अजून काळंनिळं होतं.

"देवघरात बसवा," ती म्हणाली.

हॉलच्या कोपऱ्यात एक पायरी चढून देवघर होतं. तिथे तिच्या सासूबाई, मालिनीबाई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू लागला.

आल्हाद हसला. "ऐकलंत? आमच्याकडे देवांना उकडतं." बोलता बोलता त्याने सईची वेणी हातात घेतली आणि मनगटाभोवती एक वेढा दिला. लांबून पाहणाऱ्याला लाडच वाटले असते. सईची मान मागे गेली. तिने रुद्रच्या मानेखाली पंजा धरला.

शेखरने नजर वळवली. देवांमागच्या भिंतीला हात लावून पाहिला. "जागा वाईट नाही, साहेब. घराच्या मधोमध आहे, ऊन येत नाही. पण हा दिवा? याची धग लागली की डबीला वाटणार घर तापलंय. मग ती नुसती गारठवत सुटेल. दिवा असेल तर इथे नको."

"अखंड दिवा आहे तो. आईच्या लग्नापासूनचा. झालं, विषय संपला."

"ड्रिलचा मोठा बिट गाडीत राहिला. आणतो," म्हणून शेखर खाली गेला.

दार लागलं. आल्हादच्या एका हाताने वेणी सोडली, दुसरा कमरेकडे गेला. पट्टा सर्रकन निघाला. तो आवाज रुद्रलाही ओळखू यायला लागला होता. तो खोकायचा थांबला.

"परक्या माणसासमोर अक्कल पाजळतेस?"

पहिला फटका खांद्यावर आला, बकलासकट. सई वाकली, रुद्रवर छप्पर झाली. दुसरा पाठीवर. ती तशीच वाकून पावलं टाकत राहिली. तिसरा हवेतच राहिला, कारण तोवर ती पायरी चढली होती.

आल्हादचा पाय पायरीशी थबकला.

त्याने सगळं सोडलं होतं. जानवं खुंटीला होतं, संध्या कधीच सुटली होती, अंडं घरात येत होतं. पण देवापुढे चामडं न्यायचं नाही, एवढं एक मात्र त्याच्या पायांत मुरलेलं होतं. पट्टा हातात लोंबकळत होता आणि पाय वर येत नव्हता. सईने हे आधीच हेरलं होतं.

"खाली ये."

ती आली नाही.

"सई, खाली ये म्हणतो ना."

"तुझ्या बाबांचाही पाय इथेच अडायचा," मालिनीबाई म्हणाल्या. मान वर न करता. समोरच्या भिंतीवर त्याच बाबांचा, वेणीमाधवगुरुजींचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. रामकुंडावर पूजा सांगणाऱ्यांत त्यांच्या शब्दाला मान होता.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये कुठे पडतेय? दिव्याचं सांगतेय. तो काही नवसाचा नव्हता रे. अखंड दिव्याला तेल घालायला उठून इथे यावंच लागतं, एवढं कारण मला पुरायचं. तू पोटात होतास तेव्हा तर मी इथेच निजायचे."

त्यांनी वाती ताटलीत ठेवल्या. देवांच्या पायाशी वाहिलेलं एक शेवंतीचं फूल उचललं आणि ज्योतीवर टेकवलं. धुराची एक रेघ वर गेली. आल्हादने जन्मात तो कोपरा विझलेला पाहिला नव्हता.

बेल वाजली. त्याने घाईघाईने पट्टा चढवला, त्यात पॅन्टचा एक लूप ओवायचा राहिला. दार त्यानेच उघडलं.

शेखरने आत येऊन कोपऱ्याकडे पाहिलं. दिवा विझलेला होता. सईच्या खांद्यावर, कुर्त्याच्या फिक्या कापडावर, लाल ठिपका पसरत होता. त्याने कमरेचा हत्यारांचा चामडी पट्टा सोडून पायरीखाली ठेवला, वर चढला आणि भिंतीला हात लावला.

"गरम आहे अजून."

मालिनीबाई जरा सरकल्या. सई त्यांच्या शेजारी बसली. तिच्या कुशीत रुद्र पुन्हा खोकू लागला.

"निवेल," मालिनीबाई म्हणाल्या. "तोवर बसलोय आम्ही दोघी इथे."