शंख वाजल्यावर

पाद्रीबाबांकडची नारळाच्या दुधातली कच्ची मासळी मासिनाला बहुधा बाधली होती. सकाळपासून जुलाब, मळमळ, वर हुडहुडी. तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. आता अख्ख्या गावाने घरातच बसायचं. रस्त्यावर दिसेल त्याला दंड, डबाबंद मासळीचं एक खोकं. आणि संडास तर रस्त्यापलीकडे.

"दम धर, दोनच कडवी आहेत," सासू म्हणाली.

"आई, माझ्याकडे एकाचाही वेळ नाही."

तान्ह्याला सासूच्या मांडीवर ठेवून ती पळाली. नशिबाने पहाऱ्यावरचे माउगामामा जागेवर नव्हते. तिने संडासाचं दार ओढलं. आतून कडी होती.

"प्रार्थनेच्या वेळी कोण हिंडतंय बाहेर?" आतून माउगामामा कण्हत म्हणाले. "मुकाट्याने घरी जा."