तळाची ओळ

भद्रकालीतल्या छापखान्यासमोर टेम्पो लागला होता. मनमाडचा व्यापारी विकत घेतलेलं छपाईचं मशीन न्यायला आला होता, पण अडून बसला. "चाचांनी मान डोलावली तरच उचलतो." लकव्याने वाचा गेलेले चाचा, म्हणजे जुलेखाचे अब्बा, उठून छपाईच्या अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांपाशी गेले. प्रत्येक लग्नपत्रिकेच्या तळाशी छापायची ओळ तिथे चाळीस वर्षं सुतळीने बांधलेली होती. त्यांनी गाठ सोडली. 'मुद्रक' तेवढं ठेवून स्वतःच्या नावाचा एकेक खिळा त्यांनी ज्याच्या त्याच्या खणात टाकला. "बघा, अब्बांनीच सोडून दिलं," सौदा ठरवणारा जुलेखाचा भाऊ रियाज म्हणाला. "उचला!" "भाई, थांब!" जुलेखा म्हणाली. अब्बांचा हात पुन्हा खणांवर फिरू लागला. रियाजला खिळ्यांची उलटी अक्षरं कधी वाचता आली नव्हती. "काय जुळवतायत?" तो खेकसला. अब्बांनी जुळवलेल्या 'मुद्रक जुलेखा' या ओळीभोवती सुतळी गुंडाळून जुलेखाने निरगाठ मारली.