पंचेचाळिसावा दिवस

"हे बघा, काळं सोनं!" म्हणत साहेबांनी पिंपाचं झाकण उघडलं आणि गॅलरीत दाटीवाटीने उभे असलेले सहा शेजारी एक पाऊल मागे सरकले.

साहेब ऑफिसातून निवृत्त झालेले, घरातून अजून व्हायचे होते. बायकोही त्यांना साहेबच म्हणायची, त्यात मान किती आणि टोमणा किती ते तिचं तिलाच ठाऊक. कुंड्यांसाठी घरीच खत करायचं हा साक्षात्कार त्यांना मोबाईलवर चार व्हिडिओ बघून झाला. भाजीची सालं टाकायची, सुका पाला कुस्करायचा, काठीने वरखाली करायचं, हात घालून ओल बघायची, हे सगळं बायकोने. साहेबांनी तक्ता भरायचा.

आज ते खत कुंडीत घालून दाखवायचं होतं. कुंडी तिच्या लिंबाची. सात वर्षं नुसती पानंच देणाऱ्या त्या झाडाने यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या.

"अहो, पिकलं नाहीये अजून," ती म्हणाली. "आत हात घातला तर चटका बसतोय. मुळं भाजतील."

"पंचेचाळीस दिवस झाले. तक्त्यात आहे." साहेब रबरी मोजे कोपरापर्यंत ओढत शेजाऱ्यांकडे बघून हसले. "बायकांना वाटतं, खत म्हणजे भात. बोटाने चेपला की कळतं, शिजला का ते!"

सहापैकी चौघे हसले. ते चौघे तिने नीट बघून ठेवले.

काय ही मिजास! चहात साखर घातली का, हेसुद्धा विचारून घेणारा माणूस मातीला अक्कल शिकवायला निघालाय. जन्मभर सह्या केल्या, कागदावर झालं म्हणजे झालं. तिला रागही येईना, कीवही येईना. नुसती शिसारी आली.

साहेबांनी खुरपं भरून वर काढलं. त्यातून चक्क वाफ निघत होती.

"थांबा," ती म्हणाली. लिंबाची कुंडी तिने भिंतीकडे ओढली, आत गेली आणि साहेबांचं बोन्साय घेऊन आली. वीतभर वड, ऑफिसने निरोपाला दिलेला. त्याला ते पाणीसुद्धा चमच्याने मोजून घालायचे. तिने तो नेमका खुरप्याखाली ठेवला.

"इथे घाला ना. शोभून दिसेल."

खुरपं हवेतच राहिलं. खताचे चार कण सांडले तसा साहेबांनी झटकन दुसरा हात खाली धरला.

"त्याचं जरा... वेगळं असतं गं," ते हळूच म्हणाले.

या वेळी कोणी हसलं नाही.

"हो का?" तिने लिंबाची कुंडी उचलून कडेवर घेतली आणि दारातून वळून म्हणाली, "बसा सगळे. चहा टाकते. तोवर साहेबांना सुचेल, ते खुरपं कुठे रिकामं करायचं."